बसवनगुडीचा नळ, कित्तूरचे एक्स्चेंज आणि राउटरच्या पोटातले सुटे भाग

बंगळुरूच्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या एखाद्या गल्लीत सकाळी नळाला पाणी येते, तेव्हा त्या पाण्याने सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास आणि जवळजवळ ५०० मीटरची चढण पार केलेली असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि कावेरी त्याच्या दक्षिणेस बरीच खाली वाहते. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांवरचे पंप हे पाणी वर चढवतात. वरच्या टप्प्याचा पंप थांबला आणि खालच्या टप्प्याला ते वेळेवर कळले नाही, तर टाक्या भरून वाहतात. मोठ्या नळीतून धावणारा पाण्याचा स्तंभ एकाएकी अडला, तर दाबाचा असा धक्का उठतो की जाड पोलादी नळीही त्यापुढे टिकेलच असे नाही. म्हणून पाण्याच्या नळीबरोबर आणखी एक अदृश्य नळी असावी लागते, आणि तीतून वाहतात केवळ निरोप: दाब किती, पातळी किती, पंप चालू की बंद.

अशा निरोपांच्या जाळ्याला नियंत्रण-जाळे म्हणतात. विजेची उपकेंद्रे, रेल्वेचे सिग्नल, पाणीपुरवठा, तेलवाहिन्या, कारखाने या सर्वांच्या मागे असे एकेक जाळे असते. जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर एक डबा असतो. आलेला निरोप कोणत्या वाटेने पुढे धाडायचा, हे तो ठरवतो. या डब्याला राउटर म्हणतात.

राउटर म्हटले की बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा: चिप कोणती, वेग किती, स्मृती किती? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घरातला राउटर बंद पडला तर चित्रपट अडतो. पंपगृहातला बंद पडला तर शहराचे पाणी अडते. दुसऱ्या प्रकारचा डबा स्वतः बांधायचा असेल, तर त्यातला कोणता भाग खरा निर्णायक ठरतो? भारतात या प्रश्नाचे एक उत्तर चार दशकांपूर्वी शोधले गेले. त्याचा पुरावा बसवनगुडीपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, पुणे-बंगळुरू महामार्गालगतच्या कित्तूर या गावी उभा राहिला. राणी चन्नम्मामुळे इतिहासात प्रसिद्ध असलेले हे गाव बेळगाव जिल्ह्यात येते.

ही कथा टेलिफोन एक्स्चेंजची आहे. एक्स्चेंज हा राउटरचा थोरला भाऊ. दोघांचे काम एकच: अनेक तोंडांपैकी एका तोंडातून आत आलेली गोष्ट योग्य तोंडातून बाहेर काढणे. फरक इतकाच की राउटरकडे येणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता लिहिलेला असतो आणि राउटर दर वेळी तो वाचतो. एक्स्चेंज मात्र फिरवलेला क्रमांक एकदाच ऐकते आणि संभाषण संपेपर्यंत वाट बांधून ठेवते. दोन्ही यंत्रांत दोन प्रवाह वाहत असतात. एक माल नेणारा, दुसरा हुकूम नेणारा. यांतला दुसरा प्रवाह तुंबला, तर पहिला मोकळा असूनही उपयोगाचा राहत नाही. हा धडा भारताला बराच महाग पडला.

१९४८ साली बंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज अर्थात आयटीआय हा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथे प्रथम स्ट्राउजर पद्धतीची एक्स्चेंजे बनत. ग्राहकाने तबकडी फिरवली की यांत्रिक बोटे टप्प्याटप्प्याने सरकत आणि एकेक अंक ऐकून पुढची वाट पकडत. या पद्धतीत नियंत्रण सर्वत्र विखुरलेले होते. १९६० च्या दशकात बेल्जियमच्या कंपनीकडून परवाना घेऊन पेंटाकोंटा नावाची क्रॉसबार एक्स्चेंजे बनवण्यास सुरुवात झाली. ती अधिक आधुनिक होती. तीत क्रमांक ऐकण्याचे आणि वाट ठरवण्याचे काम काही थोड्या सामायिक घटकांकडे सोपवलेले होते. ग्राहक क्रमांक फिरवी तेवढ्यापुरताच हा घटक त्याच्या वाट्याला येई आणि मग दुसऱ्यासाठी मोकळा होई.

युरोपात ही काटकसर शहाणपणाची होती, कारण तेथे घरोघरी फोन होते आणि प्रत्येक फोनवर तुरळक बोलणे होई. भारतात चित्र नेमके उलटे होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात शंभर माणसांमागे अर्धाही फोन नव्हता. एकेका फोनवर सारी आळी बोलत असे, त्यामुळे प्रत्येक तारेवरची वर्दळ दाट होती. त्यात फोन लागला नाही की माणूस पुन्हा फिरवतो, आणि पुन्हा न लागल्यास तिसऱ्यांदा. प्रत्येक फसलेला प्रयत्न सामायिक नियंत्रण-घटक अडवून ठेवी. घटक अडकला की आणखी प्रयत्न फसत. ते फसले की लोक आणखी जोमाने तबकडी फिरवीत. बोलण्याच्या वाटा रिकाम्या असूनही हुकमाची वाट तुंबलेली राही. यंत्र आपल्या जागी उत्तम होते. ते दुसऱ्या देशाच्या सवयींचे माप घेऊन शिवले होते, एवढेच. पुढे भारतीय अभियंत्यांनी त्यात पुष्कळ सुधारणा केल्या. परंतु एक गोष्ट पक्की झाली. एक्स्चेंजची क्षमता किती तारा जोडल्या यावर मोजून भागत नाही. गर्दीच्या एका तासात किती प्रयत्न पेलले, यावरही ती मोजावी लागते.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९८४ मध्ये सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजे सी-डॉट, ही संस्था स्थापन झाली. तिच्यापुढे ठेवलेले माप लोकांच्या तोंडी बसले: ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये. संस्थेला आकार देणाऱ्यांत तिघांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. सॅम पित्रोदा यांनी बडोद्यास भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते आणि अमेरिकेत अंकीय स्विच बांधण्याचा अनुभव गाठीशी बांधला होता. जी. बी. मीमांसी दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रातून आले होते. एम. व्ही. पिटके हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. तेथील त्यांच्या गटाने लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर काम केले होते. संस्थेच्या प्रयोगशाळा दिल्ली आणि बंगळुरू येथे उभ्या राहिल्या, आणि त्यांत भरती झालेले बहुतेक अभियंते पंचविशीच्या आसपासचे होते.

त्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियात सिस्को ही कंपनी स्थापन झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संगणकांची जाळी एकमेकांस जोडण्यासाठी तेथे जो डबा तयार झाला होता, त्यात मोटोरोला ६८००० हा बाजारात मिळणारा प्रोसेसर होता. सिस्कोचा पहिला राउटर १९८६ साली विक्रीस आला. त्याही आधी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याच्या गाठींवर बसवलेली यंत्रे हनिवेल कंपनीच्या तयार लघुसंगणकांतून घडवली होती. बीबीएन या कंपनीने त्यांना जोडणीचे खास सर्किट बसवले आणि लष्करी धाटणीच्या भक्कम पोलादी कपाटात ती बंद केली. कपाट भक्कम हवे, कारण विद्यापीठातल्या उत्साही हातांनी यंत्राची खोडी काढू नये, हीही एक चिंता होती. म्हणजे जगातल्या पहिल्या राउटरमध्येही प्रोसेसर विकतचा होता. स्वतःची म्हणावी अशी गोष्ट होती ती जोडणी, आज्ञावली आणि कपाट.

सी-डॉटनेही हाच मार्ग धरला. मोठ्या शहरी एक्स्चेंजाचे उद्दिष्ट पुढे होतेच. पण त्याच्या वाटेवर एक लहान यंत्र आधी पुरे झाले. ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘रॅक्स’. त्याला १२८ तोंडे होती. काही गावातल्या फोनसाठी, काही बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या तारांसाठी.

अंकीय एक्स्चेंज आवाजाला वाट कशी देते, हे समजून घेणे कठीण नाही. बोलण्याचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते. म्हणजे एका संभाषणाचे सेकंदाला ६४,००० बिट होतात. १२८ तोंडांचे एकूण बिट झाले ८१ लाख ९२ हजार. दोन मोजमापांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. त्याचे १२८ समान वाटे केले, तर प्रत्येक तोंडाच्या वाट्याला एका मायक्रोसेकंदाहून किंचित कमी काळ येतो. या काळात त्या तोंडाचे मोजमाप स्मृतीच्या एका खान्यात लिहायचे. सर्व खाने क्रमाने भरतात. वाचताना मात्र क्रम बदलायचा. सातव्या तोंडाला नव्वदाव्याशी बोलायचे असेल, तर सातव्याची पाळी आली की नव्वदावा खाना वाचायचा आणि नव्वदाव्याची आली की सातवा. तार कोठेही हलत नाही, बोट कोठेही सरकत नाही. वाचण्याचा क्रम बदलला की जोडणी बदलते. हा क्रम दुसऱ्या एका लहान स्मृतीत लिहिलेला असतो. तिला नियंत्रण-स्मृती म्हणतात, आणि तीत लिहिण्याचा अधिकार फक्त प्रोसेसरला असतो.

येथवर लागणारे भाग १९८० च्या दशकात विकत मिळत होते: स्मृती-चिपा, मायक्रोप्रोसेसर, आवाजाचे अंक करणाऱ्या कोडेक चिपा. खरे काम यांच्या भोवती होते. त्या कामाची उजळणी आजच्या नियंत्रण-जाळ्याचा राउटर बांधणाऱ्यालाही उपयोगी पडते, म्हणून ते एकेक करून पाहावे.

पहिला भाग बाहेरच्या तारेला तोंड देणारे कार्ड. गावातली तार खांबांवरून, झाडांतून, पावसातून येते. वीज पडली की तिच्यावर हजारो व्होल्टचा झटका चढतो, आणि कार्डावरची चिप पाच व्होल्टवर जगते. मध्ये वायूभरल्या नळ्या, रोधक आणि डायोड यांची फळी उभारावी लागते. या फळीतला एकही घटक हुशार नसतो. तरी तो कमी पडला, तर सगळी हुशारी एका गडगडाटात जळते. आजच्या उपकेंद्रातला राउटरही हेच भोगतो. तेथे विजेचा मोठा स्विच उघडताना उठणारी ठिणगी तारांतून धक्के पाठवते. म्हणून उपकेंद्रासाठीच्या आयईसी ६१८५०-३ आणि आयईईई १६१३ या मानकांत अशा धक्क्यांच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. शक्य तेथे तांब्याऐवजी काचतंतू वापरला जातो, कारण काच वीज वाहत नाही.

दुसरा भाग वीजपुरवठा. एक्स्चेंज परंपरेने ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मुख्य वीज बॅटरी भरते आणि बॅटरी यंत्राला पोसते. गावातली वीज तासन्तास जात असे, म्हणून यंत्राने कमी वीज खाणे ही चैनीची गोष्ट नव्हती. तोच बॅटरीच्या आयुष्याचा हिशेब होता.

तिसरा भाग दिसतच नाही. तो म्हणजे उष्णता बाहेर जाण्याची वाट. त्या काळातली मोठी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे वातानुकूलित खोलीत राहत. जेथे वीजच नियमित नाही तेथे वातानुकूलन कोठून येणार? रॅक्सची सर्वांत मोठी ओळख हीच ठरली की ते वातानुकूलनाशिवाय चालत असे. यासाठी एक जादूची चिप पुरत नाही. कमी वीज खाणारी सर्किटे, उभी लावलेली कार्डे, त्यांच्यामध्ये हवेला वर चढण्यापुरती फट, तापणाऱ्या घटकांची जागा, कपाटाच्या झरोक्यांची जागा, असा सारा संसार विचारपूर्वक मांडावा लागतो.

उष्णतेची किंमत किती असते, हे एका साध्या घटकावरून कळते. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश सेल्सियसला सुमारे निम्मे होते, असा अनुभवसिद्ध नियम आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकेल, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. तोच ५५ अंशांवर ठेवला, तर ६४,००० तास, म्हणजे सव्वासात वर्षे. काही रुपयांचा हा घटक कपाटात दहा अंश थंड जागी बसवला, तर साऱ्या यंत्राचे आयुष्य दुप्पट होऊ शकते. पंखा लावणे हा सोपा उपाय वाटतो. पण पंखा फिरणारा भाग आहे, तो झिजतो आणि सोबत धूळ आत ओढतो. आज औद्योगिक राउटर बिनपंख्याचे आणि धातूच्या खाचदार कवचाचे असतात. त्यांचे कवच म्हणजेच त्यांचा उष्णता-विसर्जक. कित्तूरच्या पिढीचा विचार त्यांत शिल्लक आहे.

चौथा भाग जोडीदार. नियंत्रण करणारा घटक एकच ठेवला आणि तो बिघडला, तर गाव मुके होते. म्हणून तो दुहेरी असतो: एक काम करतो, दुसरा तयार उभा राहतो. गणित पाहावे. एक घटक शंभरातला एक तास बंद राहत असेल, तर वर्षाला साडेतीन दिवसांहून अधिक काळ सेवा जाईल. दोन स्वतंत्र घटक असतील, तर दोघेही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. मात्र या हिशेबातला ‘स्वतंत्र’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. दोन्ही घटक एकाच वीजपुरवठ्यावर असतील, किंवा दोघांत एकाच आज्ञावलीची एकच चूक असेल, तर जोडीचा फायदा कागदावरच राहतो. आजच्या विद्युत उपकेंद्रांत हा विचार पुढे नेऊन निरोपाचीच जोडी करतात. तोच संदेश दोन वेगळ्या जाळ्यांतून एकाच वेळी निघतो, आणि जो आधी पोहोचेल तो स्वीकारून दुसरा टाकून दिला जातो. बिघाडाच्या वेळी वीजप्रवाह तोडण्याचा हुकूम तीन-चार मिलिसेकंदांत पोहोचवायचा असतो. एक वाट तुटल्यावर दुसरी शोधत बसण्याएवढा अवकाश तेथे नसतो.

पाचवा भाग माणूस. गावात चिप बदलणारा तज्ज्ञ मिळत नाही. पण कार्ड बदलणारा तंत्रज्ञ मिळतो. त्यामुळे यंत्राने स्वतःची तपासणी करून कोणते कार्ड बिघडले ते सांगावे, तंत्रज्ञाने ते ओढून काढून दुसरे बसवावे आणि बिघडलेले दुरुस्ती केंद्राकडे पाठवावे, अशी रचना केली जाते. कार्डांचे प्रकार जितके कमी, तितके जवळ बाळगायचे सुटे भाग कमी. म्हणजे दुरुस्तीची सोय यंत्र बांधून झाल्यावर जोडलेली नसते; ती सर्किटाची आखणी करतानाच ठरलेली असते.

जुलै १९८६ मध्ये सी-डॉटचे पहिले रॅक्स कित्तूर येथे सुरू झाले. त्यानंतर या यंत्राचे तंत्रज्ञान एकाच कारखान्याकडे न ठेवता अनेक सरकारी व खाजगी उत्पादकांना देण्यात आले. पुढच्या काही वर्षांत अशी हजारो एक्स्चेंजे देशाच्या खेड्यापाड्यांत बसली. ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर फोनशेजारी बसणारी पिढी आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी केंद्रात शिरणारी पिढी यांच्यामधल्या पुलाचा एक खांब हे यंत्र होते.

या यशाला मर्यादाही होत्या, आणि त्या सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. मोठ्या शहरी एक्स्चेंजाला ठरलेल्या ३६ महिन्यांहून अधिक काळ लागला आणि त्यावरून संस्थेवर कठोर टीका झाली. रॅक्सची रचना, आज्ञावली आणि जुळणी देशी होती. पण तिच्यातल्या मुख्य चिपा परदेशी होत्या. चिपा येथेच बनाव्यात म्हणून मोहाली येथे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी कारखाना उभारला होता. १९८९ मध्ये तेथे आग लागून मोठे नुकसान झाले आणि देशाच्या चिपनिर्मितीचा तो धागा अनेक वर्षे तुटलेलाच राहिला. पुढे मोबाइल आला, गावातली तारच गेली, आणि तिच्याबरोबर रॅक्सही अडगळीत गेले.

तरीही रॅक्सने दिलेला धडा कालबाह्य झालेला नाही, आणि आज त्यात पणाला लागलेली गोष्ट अधिक मोठी आहे. नियंत्रण-जाळ्याचे आयुष्य मोठे असते. पंपगृह किंवा उपकेंद्र एकदा उभे राहिले की त्यातली यंत्रणा पंधरा-वीस वर्षे चालावी, अशी अपेक्षा असते. बाजारातली चिप मात्र काही वर्षांतच उत्पादनातून बाद होते. बंद डबा विकत घेतला असेल, तर त्याचा सुटा भाग कधी मिळणे थांबेल आणि आज्ञावलीतले भोक कोण व कधी बुजवेल, हे विकणारा ठरवतो. जाळ्याचा मालक शहर असले, तरी निर्णय शहराच्या हाती राहत नाही. डब्याची रचना स्वतःची असेल, तर बाद झालेल्या चिपेच्या जागी दुसरी बसवून कार्ड नव्याने आखता येते, कारण कोणती तार कशासाठी आहे हे ठाऊक असते. दूरसंचार जाळ्यांतली उपकरणे केवळ विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावीत, हा भारत सरकारचा निर्देश जून २०२१ पासून लागू झाला. त्यामागची चिंताही याच जातीची आहे.

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत सेकंदाला २.४ टेराबिट वाहून नेणाऱ्या देशी बनावटीच्या राउटरचे अनावरण झाले. दूरसंचार विभाग, सी-डॉट आणि बंगळुरूची निवेटी सिस्टिम्स ही कंपनी यांनी मिळून तो विकसित केला. रॅक्सच्या १२८ तोंडांचे मिळून होणारे ८२ लाख बिट शेजारी ठेवले, तर ही झेप जवळजवळ तीन लाख पटींची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या देशी ४-जी यंत्रणेचे लोकार्पण झाले. तिचा गाभा सी-डॉटचा आहे आणि रेडिओ उपकरणे बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सची.

अशा बातम्यांत आकडा डोळ्यांत भरतो, आणि भरावाही. पण नियंत्रण-जाळ्याला टेराबिटांची गरज नसते. पंपाचा दाब आणि टाकीची पातळी काही बाइटांत मावते. त्याला हवी असते वेळेवर पोहोचण्याची, उन्हात टिकण्याची आणि वीस वर्षांनंतरही दुरुस्त होण्याची हमी. असा डबा बांधण्यासाठी अतिसूक्ष्म चिपाही लागत नाहीत. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ कुळातला एक प्रोसेसर २०१८ मध्ये त्याच मोहालीच्या केंद्रात १८० नॅनोमीटर तंत्राने बनवला गेला. मोबाइल फोनसाठी हे तंत्र फार जुने आहे. पंपगृहातला निरोप्या म्हणून ते पुरेसे आहे. रॅक्सच्या काळात जी कडी परदेशातून आणण्याखेरीज इलाज नव्हता, ती निदान या कामापुरती आवाक्यात आली आहे.

बसवनगुडीला असे प्रश्न नवे नाहीत. येथील बुल टेंपल रस्त्यावर १९४६ मध्ये सुरू झालेले बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. येथील नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. दर आठवड्याला सर्वांना खुले असे विज्ञान-व्याख्यान, ही त्याची रीत. व्याख्यान संपल्यावर श्रोत्याने प्रश्न विचारावा, अशी नरसिंहय्यांची शिकवण होती.

एखाद्या नव्या देशी राउटरची बातमी वाचणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या वेगाबरोबर आणखी काही गोष्टी विचारायला हव्यात. बंद खोलीत, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, पंख्याशिवाय तो किती वर्षे चालेल? त्याचा जोडीदार वेगळ्या वीजपुरवठ्यावर आहे का? गर्दीच्या वेळी हुकमाची वाट मोकळी राहील का? बिघडलेले कार्ड तालुक्याचा तंत्रज्ञ बदलू शकेल का? आणि त्यातली चिप बाजारातून गेली, तर दुसरी बसवण्यासाठी लागणारे आराखडे कोणाच्या कपाटात आहेत? १९८६ मध्ये कित्तूरला उभ्या राहिलेल्या त्या लहानशा यंत्राच्या बांधणाऱ्यांना यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आधीच शोधावी लागली होती, कारण त्यांचे यंत्र वातानुकूलित खोलीत राहणार नव्हते.